रेशनच्या दुकानात उभं कसं राहायचं: एका जुन्या मापाड्याकडून

एकोणीस वर्षं मी रेशनच्या दुकानात मापाडी होतो. मराठवाड्यातलं गाव आहे एवढंच सांगतो. दुकान कुठलं ते विचारू नका, मालक वारला आणि त्याच्या पोराशी माझं अजून चहापाणी आहे. आता गुडघ्यांमुळे कट्टे उचलवत नाहीत, म्हणून बसल्या जागी लोकांचे अर्ज लिहून देतो. रोज तीच ती प्रश्नं येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

सुरुवात काट्यापासून. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा गाव खूश झालं, आता मापात पाप नाही म्हणून. आमच्या दुकानात एक लोखंडी पाटी होती, साडेसहाशे ग्रॅमची. ती काट्यावर ठेवायची, तिच्यात गहू ओतायचे, आकडा दहावर आला की पाटी पिशवीत रिकामी करायची. रिकाम्या पाटीचं वजन शून्य करायला काट्यावर बटण असतं, टेअरचं. ते आम्ही दाबत नव्हतो. एका कार्डाचे गहू एकदा आणि तांदूळ एकदा, म्हणजे दोन पाट्यांत एक किलो तीनशे ग्रॅम गेलं. कार्डं दोनशे. महिन्याला दोन क्विंटल साठ किलो. माझ्या हातांनी ओतलंय ते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

म्हणून पाटी काट्यावर असताना आणि ती रिकामी असताना आकडा बघा. शून्य दिसत असेल तरच ओतू द्या. नसेल तर "मामा, तेवढं शून्य करा की" एवढंच म्हणायचं, हसत. चोर वगैरे शब्द काढायचा नाही. आमच्याकडे दोनच बाया असं म्हणायच्या आणि त्यांचं माप मी कधी मारलं नाही. मालकच सांगायचा, "हिला नीट घाल." ओरडणाऱ्याचं मात्र बिनधास्त मारायचो, कारण तो काट्याकडे बघतच नव्हता, मालकाच्या तोंडाकडे बघून भांडत होता.

मालक हे का करायचा? त्याला सरकारकडून मिळायचं ते कमिशन, क्विंटलमागे दीडशे रुपये. महिन्याला पन्नास क्विंटल वाटलं तर साडेसात हजार. त्यातून दुकानाचं भाडं, लाइट बिल, माझा पगार. २०२५ मध्ये ते एकशे सत्तर झालं, म्हणजे त्याच पन्नास क्विंटलला साडेआठ हजार. वरून गोदामातून येणारा कट्टा बारदानासकट मोजून दिला की अर्धा किलो त्याचाही जातो. मी त्याची वकिली करत नाही. पण ज्याचा संसार साडेआठ हजारांवर चालवायचा ठरवलंय, त्याच्या हातात गावाचं धान्य दिलं की पाटी जड होणारच, हे मुंबईत बसून कमिशन ठरवणाऱ्याला कळायला हवं होतं.

आता तुमचं किती बसतं ते. हे पाठ पाहिजे, कारण किती मिळायला हवं तेच माहीत नसेल तर काट्याकडे बघून काय करणार? अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्या राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोनच गट. अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरीब घरं, असेल तर कार्डाला ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो. आधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट, आणि जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षं फुकट ठेवायचं ठरलंय. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण मधूनमधून बदलतं, त्यावर वाद घालू नका, बेरीज बघा. अंत्योदयला साखर किलोभर, वीस रुपयांना, ती वेगळी.

एक हिशेब लोक करत नाहीत. घरात नऊ माणसं असतील तर प्राधान्यात ४५ किलो बसतं आणि अंत्योदयात ३५. तरी माणूस "आमचं अंत्योदयात करा" म्हणून तहसीलला खेटे घालतो. सात माणसांना दोन्हीकडे सारखंच. अंत्योदयासाठी धडपडायचं ते एकट्या म्हातारीने, विधवेने, दोघा-तिघांच्या घराने.

दुसरा घोळ रंगाचा. "आमचं केशरी कार्ड आहे, आम्हाला का नाही?" हे मी रोज ऐकायचो. कार्डाचा रंग जुन्या उत्पन्नावरून आहे: पंधरा हजारांपर्यंत पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, लाखाच्या वर पांढरं. धान्य रंगावर मिळत नाही. केशरीवाल्यांतून खेड्यात वर्षाला ४४ हजारांपर्यंत आणि शहरात ५९ हजारांपर्यंत उत्पन्न असलेली घरं प्राधान्यात घेतली, बाकीची केशरी राहून कोरडीच राहिली. तुमच्या कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते आधी बघा. नसेल आणि तुम्ही शेतकरी असाल, तर मराठवाड्याच्या आठ, अमरावती विभागाच्या पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत धान्याऐवजी माणशी महिना पैसे खात्यावर येतात. आधी १५० होते, मग १७० झाले. पैसे कार्डावरच्या बाईच्या खात्यावर जातात. कायद्यातच आहे की घरातली अठरा वर्षांपुढची सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. माझ्या समोर एक जण वर्षभर स्वतःचं पासबुक छापून आणत होता आणि पैसे बायकोच्या खात्यात साठत होते. तिला माहीत होतं.

दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचं सांगतो. रेशन कार्डाचा बारा आकडी नंबर टाकला की कार्डावरची सगळी नावं दिसतात, त्यातल्या कुणाही एकाचा अंगठा चालतो. अंगठा लागला की त्या महिन्याचं धान्य उचललं अशी नोंद होते, मग पिशवीत पडो न पडो. म्हणून धान्य दुकानात आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय थम द्यायचा नाही. "आज थम देऊन ठेवा, गाडी परवा येणार आहे" हे वाक्य ऐकलं की हात खिशात. परवा गाडी येते, पण कमी येते, आणि कमी पडलेलं नेमकं तुमच्या नावावर वाटून झालेलं असतं.

थम दिल्यावर मशीनमधून पावती निघते. ती मागा. "रोल संपलाय" म्हणाले तर स्क्रीनचा फोटो काढा, तेवढ्याला कुणी नाही म्हणत नाही. पावती नसली तरी नंबर टाकून महाईपॉस या रेशनच्या मशीनच्या संकेतस्थळावर तुमच्या कार्डावर कुठल्या तारखेला किती किलो गेलं ते दिसतं. गावातलं नववीतलं पोर दोन मिनिटांत काढून देईल. आणि कार्ड दुकानात ठेवून यायचं नाही. दुकानदाराने कार्ड स्वतःकडे ठेवून घेणं नियमात बसत नाही, "राहू द्या, पुढच्या महिन्याला लागेलच" असं तो कितीही प्रेमाने म्हणाला तरी.

अंगठा लागत नाही, ही खरी रडकथा. आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. जन्म कोयत्यावर गेला, बोटं अशी गुळगुळीत झालीत की दोरीच्या पिळासारखी रेघ एक राहिली नाही. तीनदा अंगठा नाकारला की दुकानदार म्हणायचा, "मावशे, उद्या ये." चार दिवस उद्या झाले. पाचव्या दिवशी मी सोबत गेलो. घरून कोमट पाण्यात हात बुडवून, कोरड्या फडक्याने पुसून नेले. मशीनची काच पदराने पुसली, तिच्यावर दोनशे जणांचा घाम होता. मग अंगठ्याचा नाद सोडून एकेक बोट लावत गेलो. उजव्या हाताची पाचही गेली. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. तेव्हापासून ती दुकानात गेली की तेच बोट पुढे करते, आणि रांगेतली पोरं हसतात.

एवढं करूनही नाही लागलं तर घरातल्या दुसऱ्याचा थम द्या. घरात दुसरं कुणी नसेल तर डोळ्याचं यंत्र मागा, नव्या मशीनसोबत ते आलंय. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं. अंथरुणावरच्या माणसासाठी नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीने धान्य उचलणारा, लावता येतो, त्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत. आणि "आधार जुळत नाही, धान्य नाही" हे शेवटचं उत्तर नव्हे. झारखंडमध्ये एका मुलीचा भुकेने जीव गेल्याचं प्रकरण पेटलं, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवलंय की आधार नाही किंवा जुळत नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवायचं नाही. दुकानदाराला हे पत्र ठाऊक नसतं. पुरवठा निरीक्षकाला असतं.

आता मोठा विषय. नाव कटलं, किंवा नाव चढत नाही.

इथे लोक चुकीच्या दारात भांडतात. दुकानदाराला नाव कमी करता येत नाही आणि वाढवताही येत नाही. ते तहसीलला होतं. त्याच्याशी भांडून फक्त त्याला सांगायला मिळतं की "वरूनच कटलंय." या वेळी तो खरं बोलत असतो.

वरून का कटतं? एक तर ई-केवायसी राहिलेली असते. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने, पाच वर्षांपुढच्या पोरांसकट, एकदा आधारवर खात्री करून द्यायची आहे. दुकानातल्या मशीनवर होतं, किंवा मेरा ई-केवायसी नावाच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या. पुण्याला कामाला गेलेल्या पोराने तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात जाऊन केली तरी चालते, त्यासाठी एसटीचं भाडं घालून गावी यायची गरज नाही. दुसरं कारण, दोन कार्डांवर एकच आधार: मुलगी सासरी गेली, माहेरचं नाव कुणी काढलंच नाही.

आणि नवं नाव का चढत नाही? तहसीलला एकच शब्द ऐकाल: इष्टांक. इष्टांक शिल्लक नाही. हा शब्द समजून घ्या, सगळी गोम त्यात आहे. राज्यात जास्तीत जास्त किती माणसांना हे धान्य द्यायचं तो आकडा बांधलेला आहे, साधारण सात कोटी. तो २०११ च्या जनगणनेवरून काढलेला. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती झाली नाही. आता तिची गणनेची तारीख १ मार्च २०२७ धरली आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली, दहावीला आली, पण सात कोटींचे काही सात कोटी एक होत नाहीत. तुमचं पोर आत यायचं तर कुणीतरी बाहेर जायला हवं. मेला, परगावी गेला, नोकरीला लागला, कटला. कारकून तुम्हाला टोलवतोय असं वाटतं, आणि कधीकधी टोलवतोही, पण बऱ्याचदा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये खरंच जागा नसते.

यातून दोन गोष्टी करायच्या. पहिली, अर्ज आत्ता देऊन ठेवायचा, जागा नाही म्हणाले तरी. नाव वाढवण्याचा अर्ज नमुना ८, त्याला मुलाचा जन्मदाखला आणि आधार जोडा. सुनेचं असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. दुसरी, जागा कधी होते त्यावर डोळा ठेवा. ई-केवायसीची मुदत संपली की राहिलेल्यांची, मेलेल्यांची नावं गळतात, तेव्हा तालुक्याला जागा मोकळी होते. त्या महिन्यात जो पुरवठा शाखेत आपल्या अर्जाची पोच घेऊन उभा असतो त्याचं काम होतं. माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या तालुक्याचा इष्टांक किती, भरलाय किती, नाव वाढवण्याचे किती अर्ज प्रलंबित आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मी दोनदा हा अर्ज टाकला आणि एकदा उत्तराच्या आधीच तीन घरांची नावं चढली. उत्तर द्यायचं म्हणजे आकडा बघावा लागला असणार.

सुनेच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. शेजारच्या पोराचं लग्न झालं, मीच म्हणालो, आधी माहेरचं नाव कमी करून दाखला आणा. आणला. इकडे सासरच्या तालुक्यात इष्टांक नव्हता. अकरा महिने ती पोरगी कुठल्याच कार्डावर नव्हती, तिचे पाच किलो म्हणजे पंचावन्न किलो हवेत गेले, वर तेवढ्यात ती बाळंत झाली. आता मी आधी सासरच्या तहसीलला विचारून येतो, जागा आहे म्हणाले तरच माहेरचं नाव काढायला सांगतो, आणि दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्यायला लावतो.

अर्ज कसा द्यायचा? दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक-जावकच्या टेबलावरून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पुरवठ्याच्या कारकुनाच्या हातात थेट कागद देऊ नका, तो ड्रॉवरमध्ये जातो. पोच देत नाही म्हणाले तर भांडायचं नाही, सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करायचं. आधी मी रजिस्टर सांगायचो, पण सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय. पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. एजंटला पैसे देऊ नका, तोही हाच नमुना ८ भरतो, फक्त अक्षर वाईट.

तक्रारीचा मजकूर लांबवू नका. मी एवढाच लिहितो: "माझ्या शिधापत्रिकेवर पाच व्यक्ती असून २५ किलो धान्य देय आहे. अमुक तारखेस मला २१ किलो मिळाले, मशीनवर २५ किलोची नोंद आहे. पावतीची प्रत जोडली आहे. उरलेले चार किलो मिळावेत व चौकशी करून मला लेखी कळवावे." गरिबी, आजारपण, पोरांचं शिक्षण यातलं काही घालायचं नाही. दया मागितली की अर्ज दयेच्या गठ्ठ्यात जातो.

पाठवायचा तहसीलदारांना. त्याच दिवशी १९६७ ला किंवा १८००-२२-४९५० ला फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक कार्डाच्या मागे लिहा. तहसीलने हलवलं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, कलेक्टर कचेरीत विचारा कोण ते, आणि अर्जावर "कलम १५ प्रमाणे" हे तीन शब्द घाला. त्याने दिलेला आदेश मुद्दाम पाळला नाही तर त्या कर्मचाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्यावर राज्य अन्न आयोग. गावात रेशनवर लक्ष ठेवणारी दक्षता समिती नावाची एक वस्तू कागदावर असते, ग्रामसभेत तिच्या सदस्यांची नावं वाचून दाखवा म्हणा. बऱ्याचदा सदस्यालाच माहीत नसतं तो सदस्य आहे म्हणून.

राहिले ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन निम्मं गाव कोल्हापूर-सांगलीकडे जातं आणि रेशनची उचल इकडे राहते. तशी राहू द्यायची नाही. एक देश एक रेशन कार्ड सुरू झालं ते ऑगस्ट २०१९ मध्ये, पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते, तरी आपल्याच लोकांना अजून ठाऊक नाही. फडाजवळच्या गावात कुठल्याही रेशन दुकानात जा, नंबर सांगा, थम द्या. तिथला दुकानदार म्हणेल, "माझा कोटा माझ्या कार्डांपुरता आहे." त्याला म्हणा, पोर्टेबिलिटीची, म्हणजे बाहेरच्या कार्डाची, नोंद करा, तुमच्या हिशेबात ती मोजली जाते. महिनाअखेरीला जाल तर मात्र त्याच्याकडे खरंच शिल्लक नसतं, पहिल्या पंधरवड्यात जा. घरी म्हातारी माणसं मागे असतील तर सगळं एकाच ठिकाणी उचलू नका. दोघांचं तिकडे, बाकीच्यांचं गावी, असं वाटून उचलता येतं. कर्नाटकात गेलात तर धान्य मिळेल, अंत्योदयची साखर तिथे मागू नका.

हे आता जास्तच जपा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने नियम बदललाय: सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद, मग चौकशी, मग ई-केवायसी, मग पुन्हा सुरू. ऊसतोडीचा हंगाम लांबला तर सहा महिन्यांचाच होतो. परत आल्यावर ऐन उन्हाळ्यात, घरात दाणा नसताना, कार्ड बंद सापडेल. म्हणून बैलगाडी भरताना मूळ कार्ड म्हातारीकडे ठेवा आणि बारा आकडी नंबर कुणीतरी लिहून घ्या. फोन हरवतो, बंद पडतो, रिचार्ज संपतो. आमच्याकडचे काही जण पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून ऑइलपेंटने लिहितात. मावशीच्या पेटीवर नंबरच्या खाली डाव्या हाताचं एक चित्रही काढलंय, मधल्या बोटाला लाल रंग दिलाय, म्हणजे नातू विसरला तरी कुठलं बोट ते कळावं.